मामाचे डोळे

सोमवार, ४ तारीख

आज काच फुटली. दुकानाच्या दर्शनी भागाची होती, माझ्या डोक्यावर हातभर उंच. फुटली मामामुळे. हे लिहिताना वाईट वाटतं, पण वही माझी आहे आणि मामा ती वाचत नाही, तेव्हा खरं काय ते लिहितो.

मामा म्हणजे माझ्या आईचा मोठा भाऊ. त्यानेच मला घरापासून इतक्या लांब कामाला आणलं. आम्ही काचा बसवतो. जोडीचं काम आहे. पुढे एक, मागे एक, मधे उभी काच, आणि दोघांच्या हातात तिला चिकटवलेले रबरी कप. पुढचा रस्ता बघतो, मागचा तोल सांभाळतो. मी पुढे असतो, कारण मी चपळ. पायाला भिंगरी आहे माझ्या, एका जागी बसलो की अंगाला खाज सुटते.

काच बसवून झाली की चुन्यात बोट बुडवून तिच्यावर पांढरी फुली मारायची, ही आमच्या धंद्यातली रीत. नवी काच इतकी स्वच्छ असते की ती तिथे आहे हेच कुणाला कळत नाही. आज सकाळी त्याच दुकानात आम्ही आतलं काचेचं दार बसवलं आणि फुली मामाने मारली. चांगली तळहाताएवढी मारली, असं त्याचं म्हणणं. मला तर काही दिसली नाही. दुपारी मोठी काच घेऊन मी सरळ आत निघालो, तर मामा मागून ओरडला, "थांब!" आणि एक हात सोडून त्याने माझी कॉलर पकडली. आता मला सांगा, काच धरलेला माणूस हात सोडतो का? व्हायचं तेच झालं. मला ओरखडासुद्धा नाही. मामाचा तळवा मात्र कापला.

आमचे मालक धावत आले. मामा म्हणाला, "माझ्या हातून सुटली." मालकांनी त्याला आत बोलावून घेतलं आणि बराच वेळ दार लावून बोलत बसले. बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "डॉक्टरचा कागद आणायचाय. डोळ्यांचा. महिना संपायच्या आत. नाहीतर नव्या इमारतीच्या कामाला घेणार नाहीत."

"आणि मग?"

"मग काय, घरचं तिकीट."

मी म्हटलं, "मामा, तू अजिबात काळजी करू नकोस."

मामा म्हणाला, "करतोय रे. बरेच दिवस करतोय."

मंगळवार, ५ तारीख

आज मामावर लक्ष ठेवलं. लक्षणं काही ठीक नाहीत. त्याने आज खिडकीवर फुली मारली ती जेवायच्या ताटाएवढी. मालक म्हणाले, "काय हो, रंगकाम काढलंय का?" मामा म्हणाला, "दिसायला हवी ना." म्हणजे बघा. स्वतःची फुली स्वतःला दिसावी म्हणून माणसाला ताटाएवढी काढावी लागते.

संध्याकाळी थांब्यावर उभे होतो. मामाने विचारलं, "गरुडा, ती लांबून येतेय ती बस आपली का रे?" हे नाव मामानेच मला इथे आल्यावर ठेवलं. बाकीचे कामगारही आता गरुडच म्हणतात, आणि म्हणताना हसतात. कौतुकाने हसतात. मी म्हटलं, "आपलीच." चढलो. आपली नव्हती. या शहरात बसचे आकडे इतके बारीक का काढतात, त्यांनाच ठाऊक. बरंच चालत यावं लागलं. मामा वाटेत काही बोलला नाही. डोळ्यांच्या चिंतेत असणार.

शुक्रवार, ८ तारीख

आता मी लिहितोय आणि मामा पलंगावर पडून विचारतोय, "तू पेनाने लिहितोस की नाकाने?" मी कागदाच्या जवळ बसतो, मला तशी सवय आहे. अक्षरही मोत्यासारखं बारीक आहे माझं. उलट मामाचं बघा. विम्याचं कार्ड वाचायला त्याला हात पार लांब करावा लागतो. आज तर हात पुरेना, तेव्हा म्हणाला, "जरा तिकडे भिंतीपाशी धरून उभा राहा." मी उभा राहिलो, हसलोसुद्धा. पण हा माणूस नव्या इमारतीला दोरावरच्या पाळण्यात लटकून काचा बसवणार होता!

बिनकार्डाच्या डॉक्टरकडे जाणं आम्हाला परवडणारं नाही. पण आमच्या दोघांकडे सरकारी विम्याचं कार्ड आहे. कार्ड चालणारा डोळ्यांचा डॉक्टर शोधायचा, एवढंच. मी म्हटलं, "दोन दिवसांत शोधतो." मामा म्हणाला, "शोध बाबा. माझी सगळी मदार तुझ्यावर." मग म्हणाला, "जाऊच तेव्हा तूही तपासून घे."

मी म्हटलं, "मला काय झालंय? आणि चष्मा लागला की माणूस संपला. तो मागचा चष्मेवाला आठवतो ना? मालकांनी त्याला पेट्या भरायला बसवलं. मी पेट्या भरत बसणार नाही, मी निघून जाईन."

मामा म्हणाला, "नको रे बाबा, राहिलं." आणि कूस बदलून झोपला.

शनिवार, ९ तारीख

सुट्टीच्या वेळात विम्याच्या फोनवर फोन लावला. आधी गाणं वाजतं. ते संपलं की परत तेच गाणं वाजतं. माझा चहा गार झाला, मी मजल्याला तीन फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे एक बाई बोलल्या.

"आरोग्य विमा सेवा, बोला."

"मॅडम, डोळ्यांचा डॉक्टर पाहिजे. कार्ड चालणारा."

"रुग्ण कोण?"

"मामा."

"तुमचे?"

"मग काय तुमचे?"

बाई हसल्या. बऱ्या वाटल्या. त्यांनी दोन पत्ते दिले आणि म्हणाल्या, "यादी जुनी आहे हं दादा. जाण्याआधी फोन करून बघा." मी म्हटलं, "फोन कशाला, मी जातोच." मला चालायला काय लागतं!

रविवार, १० तारीख

दवाखाने बंद. मामा म्हणाला, चल फिरून येऊ. नदीच्या कडेने चाललो होतो. मामाने विचारलं, "गरुडा, त्या पुलावर कोण उभं आहे?"

मी बघितलं. "दोन माणसं. एक जाडा आहे."

"काय करतायत?"

"गप्पा मारतायत. जाडा हात वर करून काहीतरी सांगतोय."

"हं," मामा म्हणाला.

पुलावर पोचलो तर ते दोन दगडी खांब. एकावर दिवा लावलेला. मामाने माझ्याकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, आणि टोपी काढून खांबाला नमस्कार केला. "चालू द्या तुमचं," म्हणाला. मला हसू आलं, पण वाईटही वाटलं. बिचाऱ्याला जवळून अजूनही माणसंच दिसत होती.

बुधवार, १३ तारीख

अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोन्ही पत्ते केले.

पहिल्या पत्त्यावर चपलांचं दुकान निघालं. दुकानदार म्हणाला, "डॉक्टर कधीच सोडून गेले. पण तुमच्यासारखे अजून येतात. आता आलाच आहात तर रिकाम्या पायांनी का जाता?" आणि मला बसवून दोन जोड पायात घालूनही बघितले. कसाबसा सुटलो.

दुसरा दवाखाना म्हणजे महालच. गार हवा, काचेच्या पेटीत मासे. आमच्यासारख्याच कुणीतरी बसवलेल्या काचा, बाकी काम चांगलं होतं. टेबलावरच्या बाईंना मी कार्ड दाखवलं.

"हो, चालतं की," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "वा!"

"ऑपरेशनला चालतं. तपासणीला नाही."

"पण ऑपरेशन करायचं की नाही हे कसं कळणार?"

"तपासणी केल्यावर."

"आणि ती कार्डावर?"

"होत नाही."

मी थोडा विचार केला. "समजा, तपासणी न करताच ऑपरेशन करून टाकलं तर?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "पाणी घ्या दादा."

परत येऊन मामाला सगळं सांगितलं. मामा हसून हसून पलंगावर आडवा झाला. माझी इथे पायपीट होते आणि याला गंमत सुचते! मग म्हणाला, "दमलास ना? राहू दे, आपण दुसरं काहीतरी बघू." मी म्हटलं, "दुसरं काहीतरी म्हणजे काय? घरी जाणार? मामीला काय सांगशील? पोरींच्या शाळेचं काय? ते काही नाही. मी शोधणार."

मामाने उठून मला चहा करून दिला. दुखऱ्या हाताने.

गुरुवार, १४ तारीख

फोनवर आज त्याच बाई. आवाज ओळखला त्यांनी. "मामाचे भाचे ना? काय झालं?"

मी चपलांचं सांगितलं, माशांचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "थांबा, अजून एक आहेत. पण आधी फोन करा." या वेळी केला.

"कार्ड चालतं," पलीकडचा माणूस म्हणाला, "पण नवीन पेशंट घेत नाही. जुने असतील तर या."

"नवीन पेशंट जुना कसा होतो?"

"एकदा येऊन गेला की."

"मग एकदा येऊन जातो ना."

"नवीन घेत नाही, सांगितलं ना!"

मी परत विम्याच्या बाईंना फोन लावला, परत ते गाणं ऐकलं. आता ते मला पाठ झालंय, काम करताना तोंडात येतं आणि मामा ओरडतो. बाई म्हणाल्या, "आता शेवटचे एकच राहिलेत. तळमजल्यावर आहेत, दारावर मोठा डोळा काढलेला आहे. चुकणार नाही." मी म्हटलं, "मी आणि चुकणार?"

लिहिता लिहिता आठवलं म्हणून लिहितो. शाळेत मास्तर मला असंच म्हणायचे, सरळ समोर आहे तरी तुला सापडत नाही. मी उंच म्हणून शेवटच्या बाकावर. ते फळ्यावर काहीतरी करायचे आणि बाकीची पोरं ते वहीत उतरवायची. त्यांना ते कसं कळायचं, हे मला कधी कळलं नाही. मला वाटायचं, पोरं घरून पाठ करून येतात. माझ्याकडे पाठांतर नव्हतं. डोक्यात भुसाच भरलेला, त्याला कोण काय करणार. सहावीत सोडून दिली शाळा. बरंच झालं.

शनिवार, १६ तारीख

डॉक्टर सापडला! पण कसा सापडला ते लिहिताना माझंच मला हसू येतंय.

पत्ता बरोबर होता. तळमजल्यावर दोन दारं, आणि एकावर हा मोठा डोळा काढलेला, मधे काळं बुबुळ, सगळं. आत गेलो. बाकावर बसलो. शेजारच्या बाईंच्या मांडीवर मांजर होतं. समोरच्या माणसाजवळ कुत्रा. कोपऱ्यात एक आजोबा पोपटाचा पिंजरा घेऊन. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्यांना जनावरांची फार माया, घरी एकटं सोडवत नाही. पोपट माझ्याकडे बघून शिव्या देत होता, तरी मी शांत बसून राहिलो.

माझी पाळी आली. डॉक्टर म्हणाले, "काय त्रास आहे?"

"दिसत नाही. हात लांब करून वाचतो."

"वाचतो?" डॉक्टर म्हणाले. "आणलाय का बरोबर?"

"नाही, कामावर आहे."

"काय काम करतो?"

"काचा बसवतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वय काय म्हणालात?"

"पन्नाशी उलटली."

"पन्नाशी," डॉक्टर म्हणाले. "आणि जात कुठली? म्हणजे कुत्रा, की..."

मग उलगडा झाला. डॉक्टर खुर्चीत मागे रेलून इतके हसले की बाहेरचा पोपटही हसायला लागला. हा जनावरांचा दवाखाना. दारावर डोळा नव्हताच, मांजराचं तोंड होतं. डोळ्याचं दार शेजारचं. मला बाहेर नेऊन त्यांनी दाखवलं. जवळून बघितलं तर होत्या खरं मिशा.

"बाहेर बसला होतास तेव्हा मांजरं नाही दिसली?"

"दिसली ना. पण कुणाकडे काय असावं, आपण कोण बोलणार?"

डॉक्टर आता हसत नव्हते. माझ्याकडे जरा निरखून बघत होते. म्हणाले, "शेजारचा आता कार्ड घेत नाही, बंद केलं त्याने. पण माझी मोठी बहीण माणसांचे डोळे बघते. कार्ड घेते. बसच्या शेवटच्या थांब्याला, लोखंडाच्या सामानाच्या दुकानामागे जिना आहे. पाटी नाही."

"यादीत कसं नाही त्यांचं नाव?"

"असेल. तिने फोन नंबर बदलला आणि कळवला नाही. कंटाळते ती."

त्यांनी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावून शुक्रवारची वेळ घेतली. म्हणाले, "ताई, एक मुलगा पाठवतोय, मामाला घेऊन येईल. हो. हो, मला पण तसंच वाटतंय." काय वाटतंय ते बोलले नाहीत. फोन ठेवून मला म्हणाले, "दोघांचीही कार्डं घेऊन जा."

"माझं कशाला?"

"सोबतच्याचं लागतं."

हे मला माहीत नव्हतं. सरकारचे नियमही काय काय असतात.

मंगळवार, १९ तारीख

मामाच्या फुल्या आता दारभर झाल्यात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पुसायला मला अर्धा तास लागतो. पुसतो मात्र मी झकास, लांबून बघावी तर काच आहे की नाही कळू नये अशी. मामा म्हणतो, "लांबून बघतोस ना नक्की?"

आज पुढे मामा आणि मागे मी. मामानेच बदललं. म्हणाला, हात दुखतोय, मागे तोल सांभाळवत नाही. मला पटलं नाही, ज्याला दिसत नाही तो पुढे! पण मोठ्या माणसाला कसं बोलायचं. मी मागून मोठ्याने सांगत राहिलो, "मामा, सांभाळून. मामा, पायरी असेल बघ." पायरी नव्हती.

शुक्रवार, २२ तारीख

सकाळी लवकर निघालो. लोखंडाच्या दुकानामागचा जिना अरुंद, वर एक खोली, त्यात बाकं. डॉक्टरबाई वयाने आईपेक्षा मोठ्या, स्वतःला जाड चष्मा. मी आत शिरताच विचारलं, "तुम्ही पाटी का नाही लावत?"

त्या म्हणाल्या, "ज्यांना पाटी वाचता येते त्यांचं माझ्याकडे काय काम?"

मामाचा नंबर आला आणि मामा जागचा हलेना. म्हणाला, "मला भीती वाटते."

"मामा! सात मजल्यांवर लटकतोस तू!"

"तिथे डोळ्यात कुणी काही घालत नाही. तू आधी बस खुर्चीत. काय करतात ते मला बघू दे."

एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखं तोंड केलेलं. मी म्हटलं, बरं, बघ, काही होत नसतं. आणि ऐटीत जाऊन बसलो.

बाईंनी दिवा लावला. समोरच्या भिंतीवर पांढरा फळा उजळला. "वाचा."

"वर एक मोठं अक्षर आहे," मी म्हटलं, आणि ते वाचलं.

"त्याच्या खाली?"

"त्याच्या खाली पण आहे का?"

बाई म्हणाल्या, "दहा ओळी आहेत."

"तुमचा दिवा कमजोर आहे."

"दिवा गेल्या आठवड्यात बदललाय."

मी मामाकडे वळलो. "मामा, तुला दिसतंय काही?" मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता, माझ्याही मागे. त्याने तिथून शेवटची ओळ वाचून दाखवली. घडाघडा. खालचं छापखान्याचं नावसुद्धा.

बाईंनी माझ्या नाकावर लोखंडी सांगाडा चढवला आणि त्यात एकेक काच घालायला लागल्या. "ही बरी की ही? आता? आता?" मधेच विचारलं, "शाळेत कुठल्या बाकावर बसायचास?"

"शेवटच्या."

"कधी सोडलीस?"

"सहावीत."

त्यांनी काच बदलली. आणि फळ्यावर एकदम अक्षरं उभी राहिली, कडा असलेली, एकेक सुटी. मी वरून खालपर्यंत वाचत गेलो. कुणी वाचायला सांगितलं नव्हतं.

मग मी मामाकडे बघितलं. मामाला रोज जवळून बघतो. लांबून मामा कसा दिसतो हे मी कधी बघितलंच नव्हतं. भुवया पांढऱ्या झाल्यात. बांधलेला हात दुसऱ्या हातात घट्ट धरून तो पुढे वाकून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता, काच उचलताना बघतो तसा, श्वास रोखून. मी बघतोय हे त्याला कळायला जरा वेळ लागला. त्याला सवय नव्हती. कळल्यावर पटकन छताकडे बघायला लागला.

बाईंनी नंतर मामालाही खुर्चीत बसवलं. त्याला लांबचं सगळं दिसतं. जवळचं वाचायला तेवढा चष्मा लागेल, या वयात सगळ्यांना लागतो, म्हणाल्या.

सोबतच्याचं कार्ड असा काही नियम नसतो, हेही तिथेच कळलं.

शनिवार, २३ तारीख

कालपासून मामाशी बोलत नाही. एका खोलीत राहून न बोलणं फार कठीण. मीठ मागायची पंचाईत.

शेवटी आज मीच म्हटलं, "तू खोटं बोललास."

"कधी? मी म्हटलं का माझे डोळे गेले? मालकांनी कागद तुझाच मागितला होता. मला म्हणाले, पोराला दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. मी त्यांच्याकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. तू माझं समजलास, मी समजू दिलं."

"सांगायचं ना सरळ!"

"सांगितलं नाही का? 'मी निघून जाईन' म्हणालास. दाढ सुजली होती तेव्हा स्वतःसाठी एक गोळी आणली नाहीस तू कधी. माझ्यासाठी मात्र अख्खं शहर पालथं घातलंस. पोपटाच्या शिव्या खाल्ल्यास. मग मी म्हटलं, माझेच डोळे गेलेले बरे."

"आणि आता मला पेट्या भरायला बसवतील."

"चष्मा लावून दिसतं असा कागद आहे बाईंचा. त्या चष्मेवाल्याला पेट्यांवर बसवलं ते चष्म्यामुळे नाही रे. तो चष्मा घरी ठेवून यायचा. लाज वाटायची त्याला."

मी विचारलं, "गरुड का म्हणायचास?"

मामा म्हणाला, "मीठ दे."

बुधवार, २७ तारीख

चष्मा आला. कार्डावर काचा मिळतात आणि एकाच तऱ्हेची फ्रेम मिळते, तपकिरी, जाड, घोड्याला घालावी अशी. मामा बघून म्हणाला, "मास्तर आले."

येताना बसमध्ये मी सगळं वाचत आलो. दुकानांच्या पाट्या, गल्ल्यांची नावं, समोरच्या बसचा आकडा. तो काही बारीक नाही, चांगला वीतभर आहे. मोठ्याने वाचत होतो. मामा म्हणाला, "आता गप्प बसायचं काय घेशील?"

वाटेत आम्ही मागच्या महिन्यात बसवलेल्या खिडक्या लागल्या. सगळ्या काचांवर ओघळ, फडक्याचे फराटे, आणि मधोमध माझ्या पाची बोटांचे ठसे. मी खाली मान घालून बसलो. मामा बाहेर बघत म्हणाला, "झकास पुसतोस."

विम्याच्या बाईंना फोन केला. गाणं ऐकलं. त्यांना डॉक्टरबाईंचा नवा नंबर दिला आणि म्हटलं, यादीत घाला. "मामांचे डोळे कसे आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एकदम तेज." "आणि तुम्ही?" म्हटलं, "मी आता बघतोय."

झोपायच्या आधी एक गोष्ट डोक्यात आली ती लिहून ठेवतो. मास्तर फळ्यावर लिहायचे. म्हणजे खरंच लिहायचे. पोरं पाठ करून येत नव्हती.

गुरुवार, २८ तारीख

मालकांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, चष्म्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काढायचा नाही. झोपताना सोडून."

नव्या इमारतीत पहिली काच आज बसली. मी पुढे, मामा मागे. वाटेत दोन पायऱ्या होत्या. दोन्ही मला मामाच्या आधी दिसल्या, आणि मी त्याला सांगितल्याही. मामा म्हणाला, "बरं झालं सांगितलंस," आणि ते चेष्टेने म्हणाला नाही.

काच बसवून झाल्यावर मामाने चुन्यात बोट बुडवलं. मी बघत उभा होतो. त्याने खालच्या कोपऱ्यात, नखाएवढी, एक फुली मारली आणि माझ्याकडे न बघता हात पुसत पाळण्याकडे निघून गेला.

दिसली मला. दाराजवळून दिसली.

मग मी तो चुन्याचा डबा उचलला आणि काचेच्या बरोबर मधोमध, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मामा मारायचा तेवढी फुली मारली. उद्या दुसरा कुणी गरुड आला तर.